खेळण्यातले गाव आणि पाहणाऱ्याची उंची

(आकाशवाणीवरील भाषणाचा मजकूर)

जुन्या गोव्यात एका टेकडीच्या माथ्यावर ‘आवर लेडी ऑफ द माउंट’ या नावाचे जुने कपेल आहे. तेथून खाली दृष्टी टाकली म्हणजे प्रथम झाडांचे दाट शेंडे दिसतात, त्यांच्यामागे से कॅथेड्रलची पांढरी, भव्य वास्तू दिसते आणि पलीकडे मांडवीचे रुंद पात्र. समजा, या देखाव्याचे एक साधे छायाचित्र कोणी घेतले. त्यात झाडे, वास्तू आणि नदी ही सारीच रेखीव आली आहेत. आता त्याच छायाचित्रात वास्तूचा आडवा पट्टा तेवढा रेखीव ठेवावा, अलीकडची झाडे आणि पलीकडची नदी क्रमाक्रमाने धूसर करीत न्यावी आणि रंग थोडे गडद करावेत. एवढे केल्याबरोबर एक विलक्षण गोष्ट घडते. ज्या कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ साली सुरू झाले, ज्याच्या दारात उभे राहिले असता माणूस आपोआप मान वर करतो, ते कॅथेड्रल पुठ्ठ्याचे होऊन जाते! झाडे रंगविलेल्या स्पंजाची वाटू लागतात, अंगणातील माणसे मेणाच्या बाहुल्या होतात. हात पुढे करून ती वास्तू उचलावी आणि टेबलावर ठेवावी, असा मोह होतो.

यात नवल हे, की छायाचित्रातील एकही वस्तू जागची हललेली नाही. कोणतीही रेघ आखूड केलेली नाही, कोणतेही माप बदललेले नाही. काढून घेतला आहे तो काही भागांचा रेखीवपणा. मग एवढ्यानेच शहराचे खेळणे कसे होते? आणि होत असेल, तर त्या खेळण्याकडे पाहणाऱ्या आपले काय होते? या दोन प्रश्नांचा विचार आज आपल्याबरोबर करावा, असा माझा हेतू आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोळ्यांतच आहे. आपण एक लहानसा प्रयोग करून पाहावा. एक डोळा मिटावा, उघड्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर अंगठा धरावा आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे टक लावून पाहावे. झाड स्पष्ट दिसते आणि अंगठ्याच्या कडा पुसट होतात. आता अंगठ्याकडे पाहावे. अंगठ्यावरच्या रेषा उठून दिसतात आणि झाड पुसट होते. कोणतेही भिंग, मग ते डोळ्यातले असो की कॅमेऱ्यातले, एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू अगदी रेखीव दाखवू शकते. त्या अंतराच्या थोडे पुढे व थोडे मागे जे असते, ते आपल्याला चालण्याजोगे स्पष्ट दिसते. त्यापलीकडे धूसरपणा सुरू होतो. या चालण्याजोग्या पट्ट्याला आपण स्पष्टतेची खोली म्हणू.

ही खोली सदैव सारखी नसते. वस्तू जवळ असेल तर ती अगदी उथळ असते. वस्तू दूर असेल तर ती पुष्कळ वाढते. थोडे गणित केले म्हणजे हे ध्यानात येईल. आपल्या डोळ्याच्या बाहुलीचे छिद्र चार मिलिमीटर रुंद आहे असे धरू. शंभर मीटरांवर एक देऊळ आहे आणि त्याच्यामागे, एकशेवीस मीटरांवर, एक वडाचे झाड आहे. देवळाकडे पाहत असता वड किती धूसर दिसेल? अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात, आणि निरोगी डोळ्याला साधारण एका कलेइतका भेद कळतो. वडाचा धूसरपणा मोजला तर तो एका कलेच्या चाळिसाव्या हिश्शाइतकाच भरतो. म्हणजे तो डोळ्याला जाणवतच नाही. देऊळही स्पष्ट, वडही स्पष्ट. आता याच देवळाची आणि वडाची शंभरपट लहान प्रतिकृती करून टेबलावर मांडली आणि ती एका मीटरावरून पाहिली, तर देऊळ एका मीटरावर आणि वड एक मीटर वीस सेंटिमीटरांवर येईल. डोळ्यांपुढे दोन्ही देखावे तेवढेच मोठे दिसतील. पण आता वडाचा धूसरपणा शंभरपट वाढून दोन कलांच्याही वर जातो, आणि तो डोळ्याला सहज कळतो.

म्हणजे धूसरपणा ही जवळीकतेची खूण आहे. जन्मापासून आपण ही खूण वाचीत आलो आहोत. कोणी ती आपल्याला शिकविली नाही आणि आपणही ती जाणूनबुजून शिकलो नाही. पुढची व मागची वस्तू पुष्कळ धूसर दिसली, की मन त्वरित निष्कर्ष काढते: हा देखावा हाताच्या अंतरावर आहे. आणि जो देखावा हाताच्या अंतरावर असूनही त्यात आख्खे कॅथेड्रल मावते, ते कॅथेड्रल खेळण्यातलेच असले पाहिजे! बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी याच विषयावर २०१० साली एक निबंध प्रसिद्ध केला. धूसरपणाचा क्रम देखाव्यातील खऱ्या अंतरांशी जुळता ठेवला, तर पाहणाऱ्याचा अंतराचा व आकाराचा अंदाज केवळ धूसरपणा कमीअधिक केल्याने बदलतो, असे त्यात प्रयोगांनी दाखविले आहे.

या गणिताची दुसरी बाजू अधिक मनोवेधक आहे. शंभर मीटरांवरील खऱ्या देवळामागचा खरा वड तितकाच धूसर दिसावा अशी इच्छा असेल, तर डोळ्याच्या बाहुलीचे छिद्र चार मिलिमीटरांऐवजी चाळीस सेंटिमीटर असावे लागेल. पाटाएवढ्या बाहुलीचा डोळा ज्याला असेल, तो प्राणी किती उंच असेल याची कल्पना करावी! तेव्हा असे म्हणावयास हरकत नाही, की हे धूसर चित्र शहराला लहान करीत नाही. ते पाहणाऱ्याला राक्षसाएवढा करते. शहर जागच्या जागीच असते. उंची वाढते ती आपली. श्रोत्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

ही किमया संगणकाच्या युगात जन्मली असे कोणी समजू नये. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांना भाता असे आणि त्याच्या पुढच्या टोकाला लावलेले भिंग वर, खाली किंवा तिरके करता येत असे. उंच इमारतीचे चित्र घेताना तिच्या भिंती वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकू नयेत म्हणून छायाचित्रकार भिंग वर सरकवीत; लांबवर पसरलेले शेत अलीकडच्या बांधापासून पलीकडच्या कुंपणापर्यंत रेखीव यावे म्हणून ते भिंग पुढे कलते करीत. या कलण्यामागचा भूमितीचा नियम ऑस्ट्रियाच्या सैन्यातील कप्तान थिओडोर शाइम्पफ्लुग याच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९०४ साली ब्रिटनमध्ये आपले पेटंट घेतले. त्याच्याआधी १९०१ साली फ्रान्समधील जूल कार्पांतिए याने तेथेच पेटंट घेऊन हे तत्त्व मांडले होते, आणि शाइम्पफ्लुगने त्याचे ऋण मान्य केले आहे. शाइम्पफ्लुगचा हेतू अगदी गंभीर होता. आकाशातून घेतलेली जमिनीची चित्रे तिरकी व वाकडी येत. ती सरळ करून त्यांवरून अचूक नकाशे बनवावेत, ही त्याची धडपड होती.

लहान फिल्मच्या कॅमेऱ्यांत भाता गेला आणि ही सोयही गेली. पुढे जपानच्या निकॉन कंपनीने १९६२ च्या सुमारास सरकविता येणारे भिंग आणले आणि कॅनन कंपनीने १९७३ साली सरकविता व कलविता येणारे भिंग आणले. अशी भिंगे मुख्यतः वास्तूंची चित्रे घेणाऱ्यांसाठी होती. तथापि, जे भिंग योग्य दिशेला कलविले असता सारी जमीन रेखीव होते, तेच उलट दिशेला कलविले असता एक अरुंद चीर तेवढी रेखीव राहते आणि बाकी सारे धुक्यात जाते. ओलिव्हो बार्बिएरी या इटालियन छायाचित्रकाराने २००३ पासून हेलिकॉप्टरमधून रोमची व पुढे शांघाय, लास व्हेगास अशा नगरांची चित्रे या रीतीने घेतली. ती पाहताना जगातील मोठमोठी शहरे कोणा वास्तुविशारदाच्या टेबलावरील नमुन्यांसारखी भासतात. सत्य सरळ करण्यासाठी शोधलेले साधन भ्रम उत्पन्न करण्यासाठी वापरले गेले, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल!

आता ती महागडी भिंगे घ्यावयास नकोत. हेच काम संगणकावर, किंबहुना खिशातील मोबाइलवरही करता येते. ‘फोटोशॉप’मध्ये २०१२ सालच्या आवृत्तीपासून यासाठी स्वतंत्र साधन दिलेले आहे; ‘गिम्प’ नावाचे एक सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्यातही हे करता येते. साधने कोणतीही असोत, कृती एकच आहे, आणि ती समजून केली तरच साधते.

पहिले काम योग्य छायाचित्र निवडण्याचे. चित्र उंचावरून, खाली पाहत घेतलेले असावे, कारण टेबलावरील खेळणे आपण नेहमी वरूनच पाहतो. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून खालचे शहर, चारमिनारच्या सज्जातून खालचा बाजार, पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून दिसणारी लाल कौले, अशी स्थळे त्यास फार अनुकूल आहेत. रस्त्यावर उभे राहून समोरून घेतलेले चित्र सहसा खेळण्यासारखे दिसत नाही. मूळ चित्र सर्वत्र रेखीव असावे. त्यातील माणसे, वाहने, झाडे सुटी सुटी दिसावीत आणि ऊन स्वच्छ असावे.

दुसरे काम रेखीव पट्टा ठरविण्याचे. चित्रातील ज्या वस्तूवर दृष्टी खिळावी असे वाटते, तिच्यावरून एक आडवा अरुंद पट्टा आखावा. त्या पट्ट्याच्या वर व खाली धूसरपणा हळूहळू वाढत जावा. तो एकदम सुरू झाला, तर चित्रावर मळकी काच ठेवल्यासारखे दिसते आणि भ्रम मोडतो. अंतर वाढेल तसा धूसरपणा वाढला पाहिजे, हा निसर्गाचा नियम आहे.

येथेच बहुतेकांचे चित्र फसते. आपण आखलेला पट्टा कागदावरचा असतो. खरी अंतरे मात्र जमिनीवरची असतात. से कॅथेड्रलचेच उदाहरण घ्या. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला. आज एकच उभा आहे. चित्रात त्या मनोऱ्याचा पायथा रेखीव पट्ट्यात येतो, पण त्याचा माथा पट्ट्याबाहेर, मागच्या दूरच्या देखाव्याच्या उंचीला जातो. डोळे मिटून पट्टा आखला, तर नदीबरोबर मनोऱ्याचा माथाही धूसर होईल. वास्तविक माथा आणि पायथा पाहणाऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. पायथा रेखीव तर माथाही रेखीव असला पाहिजे. म्हणून मनोरा, माड, विजेचा खांब असे जे जे पट्ट्यातून वर डोकावते, ते हाताने वेगळे निवडून धूसरपणापासून वाचवावे लागते. या कामी घाई उपयोगाची नाही. जो कारागीर मनोऱ्याच्या कडेने निवडीची रेघ धीराने फिरवितो, त्याचे चित्र पाहणाऱ्याला पटते.

तिसरी गोष्ट धूसरपणाच्या जातीची. संगणकातील सर्वांत सोपा धूसरपणा जर्मन गणितज्ञ गाउस याच्या नावाचा आहे. तो कागदावर ओली शाई पसरावी तसा सर्व काही सारखे पसरवून टाकतो. खरे भिंग असे करीत नाही. त्याच्यामुळे दूरचा दिवा किंवा पाण्यावरील उन्हाचा ठिपका धूसर होताना लहानशी तेजस्वी चकती बनतो. म्हणून ज्या साधनाला भिंगाचा धूसरपणा म्हणतात, ते वापरावे.

चौथी गोष्ट रंगांची. दूरच्या देखाव्यावर हवेतील धूळ व बाष्प यांचा फिकट पडदा असतो. जवळच्या खेळण्यावर तो नसतो आणि खेळण्याचा रंगही भडक असतो. म्हणून रंग थोडे गडद करावेत आणि उजेड व सावली यांतील अंतर वाढवावे. थोडे म्हणजे थोडेच. भाजीत मीठ घालताना हात आखडता असतो, तसा येथेही असावा.

चित्रपट बनविणाऱ्यांनी हीच विद्या उलट्या बाजूने वापरली, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांना खेळण्यातील जहाज खरे भासवावयाचे असे. म्हणून ते झगझगीत दिवे लावीत, भिंगाचे छिद्र अगदी बारीक करीत आणि पुढचे मागचे सारे रेखीव ठेवीत, म्हणजे जवळीकतेची खूण पुसली जाई. शिवाय, लहान वस्तू थोड्या उंचीवरून पडते, म्हणून लवकर पडते. सोळापट लहान नमुन्यात कोसळणाऱ्या भिंतीला खऱ्या भिंतीच्या चौथा हिस्सा वेळ लागतो. ती जड वाटावी म्हणून सेकंदाला चोवीसऐवजी शहाण्णव चित्रे घेऊन मग ती नेहमीच्या गतीने दाखवीत. आजकाल खऱ्या रस्त्याचे चलच्चित्र खेळण्यासारखे करणारे लोक बरोबर याच्या उलट करतात. धूसरपणाबरोबर ते चित्राची गतीही वाढवितात, म्हणजे माणसे किल्ली दिलेल्या बाहुल्यांसारखी तुरुतुरु धावू लागतात. वडोदऱ्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी एका रोपट्याच्या वाढीचा लघुपट केला होता. काही दिवसांची वाढ त्यांनी काही क्षणांत दाखविली. काळ आणि आकार, या दोन्हींची मापे पाहणाऱ्याच्या मनात असतात आणि कॅमेरा ती हलवू शकतो, हे आमच्याकडे त्या काळीच कोणी तरी ओळखले होते.

येथवर झाला तो पहिल्या प्रश्नाचा विचार. आता दुसरा. या खेळण्याकडे पाहताना आपले काय होते?

सीमाभागातील एका शाळेत मी शिकवितो. भिंगाचा धडा शिकविताना मी मुलांकडून ही कृती करून घेतली होती. शाळेजवळच्या एका गच्चीवरून आठवड्याच्या बाजाराचे छायाचित्र मुलांनी घेतले आणि संगणकावर त्याचे खेळणे केले. चित्र फार सुरेख उतरले. रेखीव पट्ट्यात भाजीच्या बुट्ट्यांची रांग आली होती; टोमॅटो मण्यांसारखे दिसत होते, आणि बुट्ट्यांमागे बसलेल्या बायका बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या झाल्या होत्या. वर्गात हशा पिकला. एका बाहुलीला मुलांनी नावही ठेवून दिले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ती माझी आई आहे.”

वर्ग गप्प झाला. त्या मुलाच्या स्वरात राग नव्हता. तो केवळ एक गोष्ट सांगत होता. पण ती गोष्ट इतर चाळीस जणांना चित्रात दिसली नव्हती. दोन दिवसांनी तो मुलगा ते चित्र आणि त्याचे मूळ छायाचित्र अशी दोन्ही घेऊन मला बाजारात आईकडे घेऊन गेला. त्या बाईंनी चित्र बराच वेळ निरखून पाहिले. मग त्या हसून म्हणाल्या, “मास्तर, बुट्ट्या बघा कशा झ्याक दिसत्यात. पण माझं तोंड कुठं आहे ह्यात?”

श्रोतेहो, या साध्या प्रश्नात सारे काही आले. उंचावरून आणि दुरून पाहिले म्हणजे माणसाचा चेहरा हरवतो. आणि त्यावर धूसरपणाचे हे संस्कार केले म्हणजे हरवलेल्या चेहऱ्याची हळहळही वाटेनाशी होते, कारण बाहुलीला चेहरा नसला तरी चालतो. मघाशी आपण गणिताने पाहिले, की असे चित्र पाहणाऱ्याला राक्षसाएवढे करते. राक्षसाला गाव गोजिरवाणे वाटते, यात आश्चर्य नाही. त्याला भाजीचा भाव ऐकू येत नाही, उन्हात बसलेल्या बाईची तहान कळत नाही. त्याला दिसतात त्या रंगीत बुट्ट्या.

मग ही कला टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. लहान प्रतिकृती करण्याची हौस माणसाला फार जुनी आहे आणि ती निर्दोष आहे. दिवाळीत आमच्याकडची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवितात, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे ठेवतात. नाताळात आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरी गवत, कागद आणि मातीची चित्रे मांडून गोठा तयार होतो. पण ही मुले आपल्या किल्ल्याकडे कशी पाहतात, याकडे कधी लक्ष दिले आहे काय? किल्ला पुरा झाला, की मूल जमिनीवर पालथे पडते, गाल मातीला टेकविते आणि मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून दरवाजाकडे पाहते. त्या क्षणी हातभर उंचीचा तो ढिगारा खरोखरच दुर्ग होतो. गोठ्याचेही तसेच आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो या गावी खरे गवत आणि जिवंत बैल व गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हापासून ही प्रथा रुजली असे मानतात. आज घरोघरी तो देखावा वीतभर उंचीचा असतो. पण तो पाहण्यासाठी म्हातारी माणसेदेखील गुडघे टेकतात. ज्या लहान वस्तूपुढे आपण वाकतो, ती आपल्याला मोठी होऊन भेटते. ज्या मोठ्या वस्तूकडे आपण राक्षसाच्या उंचीवरून पाहतो, ती खेळणे होते. दोष प्रतिकृतीचा नाही. प्रश्न आहे तो पाहणाऱ्याने आपली उंची कोणती ठेवावी याचा.

म्हणून ही कृती करणाऱ्यांना आणि अशी चित्रे पाहणाऱ्यांना दोनतीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मूळ छायाचित्र नेहमी जपून ठेवावे आणि खेळण्याचे चित्र दाखविताना ते तसे केलेले आहे, हे स्पष्ट सांगावे. गमतीच्या चित्रात हे सांगितल्याने गंमत कमी होत नाही. उलट, कसे केले हे कळल्यावर कौतुक वाढते. दुसरे असे, की जेथे माणसांवर संकट आले आहे, तेथे ही करामत करू नये. पुराने वेढलेली वस्ती, पाडलेली घरे, रेशनच्या दुकानापुढची रांग, ही उंचावरून घेतलेली चित्रे आपण बातमी म्हणून पाहतो. त्यांना खेळण्याचे रूप दिले, की पाहणाऱ्याच्या मनातील कळवळ्याची जागा नकळत कौतुक घेते. शिवाय धूसर केलेल्या भागात काय होते, हे त्याला कधीच कळत नाही. काय रेखीव ठेवावे आणि काय पुसावे, हे ठरविणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता असते. मग तो छायाचित्रकार असो, संपादक असो की शिक्षक असो.

आणि एक शेवटची गोष्ट. आता मोबाइलचे कॅमेरे माणसाच्या चेहऱ्यामागचे सारे आपोआप धूसर करून देतात. त्या कॅमेऱ्यांचे छिद्र इतके बारीक असते, की त्यातून येणारे चित्र बहुतेक सारे रेखीवच असावयाचे. तो सुंदर धूसरपणा संगणकाने मागाहून घातलेला असतो. म्हणजे आज आपण गच्चीवरची कृती केली नाही, तरी हिशेबाने घातलेला धूसरपणा रोज आपल्या दृष्टीस पडतच आहे. हा धूसरपणा भिंगाचा आहे की कोणी ठरवून घातलेला आहे, तो काय दाखवितो आणि काय झाकतो, असे विचारण्याची सवय आपल्या मुलांना लागली पाहिजे. वाचता येणे म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे, हे आपण जाणतो. पाहता येणे म्हणजेही केवळ डोळे उघडे असणे नव्हे.

तेव्हा उद्या आपण किल्ल्यावर, टेकडीवर किंवा एखाद्या उंच गच्चीवर गेलात, तर खुशाल छायाचित्र घ्या, पट्टा आखा, कडा धीराने निवडा आणि आपल्या गावाचे गोजिरवाणे खेळणे करून पाहा. ते पाहताना मिळणारा आनंद खरा आहे. एवढेच करा, की जिना उतरून खाली या, त्या रस्त्याने एकदा सावकाश चाला, आणि वरून जी माणसे पेराएवढी दिसली होती, त्यांच्यापैकी एखाद्याशी दोन शब्द बोला. म्हणजे उंची आपोआप पूर्ववत होईल; त्यांचीही आणि आपलीही.